गुल-ए-वाशिंग्टन

आमच्या नगरपालिकेनं 'घर तिथं बगीचा' नावाची स्पर्धा काढली आन पहिलं बक्षीस ठेवलं नळ. म्हन्जे ज्याच्या अंगनात सगळ्यात चांगला बगीचा, त्याच्या अंगनात नगरपालिका सोता येऊन नळ बसवून देनार. आता बगीचा कराले पानी लागते, पानी याले नळ लागते आन नळ मिळाले बगीचा लागते. हे कोनाच्या डोक्यातून निघालं ते म्या लय शोधलं. ज्याले इचारलं तो म्हने, वरून आलं. वरून आमच्याकडं पाऊस येत नाई, पन असं काई असलं की बराबर येते.

गावाचं नाव सांगत नाई. नगरपालिका अजून हाय आन मले बी अजून तथीच राहाचं हाय. तुमी शेलूबाजारले जीपीत बसा आन 'खाजेचं गाव कोनतं' एवढं इचारा, ड्रायव्हर तुमाले आमच्या वेशीवर उतरवून देईन.

मी देवमन. बाजार समितीत हर्रास, म्हन्जे मालाचा लिलाव, बोलतो. माह्या तोंडाचीच मले रोजी हाय. किडेल तुरीले बी म्या 'हवेशीर दाना' म्हनून भाव आनला हाय. असा मानूस घरात मात्र मुका. घरात हर्रास बोलते माही बायको रुख्मिणी, आन ती एकच बोली बोलते, ती बी शेवटची.

"अवो, मले काई बक्षीस-फिक्षीस नको," ती म्हने. "मले नळ पायजे. गल्लीच्या त्या टोकाच्या हिरीवरून पानी वाहून माही मान खांद्यात गेली. यंदा नळ नाई आला तं पाडव्यापासून घागर तुमच्या डोक्यावर. बाजारातून जाचं, समितीसमोरून, हर्रासाच्या टायमाले."

आता सांगा. ज्या मानसाच्या आवाजावर व्यापारी हात वर करतात, तो मानूस डोक्यावर चुंबळ ठेवून त्याच व्यापाऱ्याईसमोरून जाईन, तं दुसऱ्या दिवशी त्याच्या बोलीले काय भाव राहीन?

नळ मागाले मी पयले सरळ रस्त्यानं बी गेलो होतो. सरळ रस्ता कसा असते ते मानसानं एकडाव पाहून ठेवाव. पानीवाल्या बाबूनं सांगतलं, तुमच्या गल्लीत पाइप नाई. मी म्हतलं, पाइप तं मागच्या सालीच टाकला, माह्या दारात खड्डा हाय, त्यात मीच पडलो होतो. तो म्हने, खड्डा हाय म्हन्जे पाइप हाय असं कुठं हाय? मंग त्यानं डोकं खाजवून सांगतलं, पाइप असन, पन तोटी मंजूर नाई. तोटी मंजूर कराची तं सभा पायजे, आन सभा कराची तं आनीबानी हाय. 

म्हनून बगीचा.

स्पर्धा आली तशी तिच्या मांगं उद्यानप्रेमी मंडळ आलं. अध्यक्ष आमचे कापडवाले सुगनचंद शेठ. शेठचा मानूस म्हनून सोभाव लय गोड, फक्त त्याईले कोनत्याबी गोष्टीचं मंडळ काढाचा नाद. पयल्या बैठकीत मी मांगं बसून उगाच म्हतलं, "शेठजी, बगीचा नसलेल्या लोकाईचं उद्यान मंडळ म्हन्जे टकल्याईचं कंगवा मंडळ झालं." सारे हासले. शेठ बी हासले, आन म्हने, "देवमनभाऊले बोलता येते, त्याईले सेक्रेटरी करा." तवापासून मी बैठकीत हासू येनारं काई बोलत नाई. सेक्रेटरी म्हन्जे सतरंजी आननारा, सतरंजी झटकनारा आन शेनखताच्या गाडीसंगं गावभर फिरनारा. लोक लांबून नाक धरत आन म्हनत, सेक्रेटरी येऊन राह्यले.

सेक्रेटरी झालो म्हनून माह्या घरचं पानी वाढलं नाई. घरात चार घागरी येत. त्यातून सयपाक, भांडे, पेनं झालं की बगिच्याच्या वाट्याले येत होती ती फक्त माही आंघोळ. रुख्मिणीनं माहा पाट मोरीतून उचलला आन झेंडूच्या आळ्यात नेऊन ठेवला. मी पाटावर बसाव, अंगावर पानी घ्याव, आन माह्या अंगावरून निथळलं ते झेंडूनं प्याव. साबन लावाले बंदी. झेंडू मरते म्हने. मानूस मेला तं चालते.

आमच्या कुडापलीकडं केशरबाई राहते. तिचं काम दोन, बकऱ्या पाळनं आन सल्ला देनं. बकऱ्या तरी संध्याकाळी बांधून ठेवता येतात. पयल्याच दिवशी ती कुडावर हनुवटी ठेवून उभी राह्यली.

"देवमनभाऊ, जरासे डाव्या आंगानं आंघोळ करा बाप्पा. तिकडच्या झाडाले पानी पोचून नाई राह्यलं."

"केशरबाई, मी उघडा हाय."

"त्याले काय होते? मी झाडाकडं पाहून राह्यली."

रुख्मिणी आतून म्हने, "बराबर सांगते ती. सरका तिकडं."

सरकलो. मानसाची इज्जत अशी थोडी थोडी सरकूनच जाते, एकदम जात नाई.

आन मंग एक दिवस केशरबाईची बकरी कुड वलांडून आली आन माह्या आंघोळीवर वाढेल सारा झेंडू खाऊन गेली. मी भांडाले गेलो तं केशरबाई म्हने, "बकरीले कायले बोलता? झेंडू मेथीवानी दिसून राह्यला होता. तुमी मुळा लावा. मुळा जमिनीच्या आत राह्यते, बकरीले दिसत नाई, आन पानी बी कमी पेते."

सल्ला पटला. कामरगावच्या बाजारातून बी आनलं. मुळा असा आला का पाहून घ्या, एकेक मानगटावानी जाड. मले वाटलं, नळ आपल्या दारात आला. अध्यक्ष म्हनून सुगनचंद शेठ पाहनीले आले, त्याईच्या संगं घरच्या पानाबाई बी होत्या. म्या मोठ्या तोऱ्यात एक मुळा उपटून त्याईच्या समोर धरला.

शेठ दोन पावलं मांगं सरकले. पानाबाईनं पदर नाकाले लावला.

"कंदमूळ?" शेठ म्हने. "देवमनभाऊ, माह्या मंडळात कंदमूळ?"

तवा मले आठवलं का शेठ जैन हायत आन जमिनीच्या आतलं काईच खात नाईत. सारं गाव हे जानते. शेठच्या घरच्या लग्नात बटाट्याऐवजी कच्च्या केळाची भाजी म्या सोता तीनदा वाढून घेतली होती, आन तरी मुळा लावला. सल्ला देनारी केशरबाई कुडावरून म्हने, "मले वाटलं तुमाले ठाऊक असन. तुमी सेक्रेटरी हात."

"शेठजी, तुमाले खाचा थोडी हाय? निसता पाहाचा हाय," मी म्हतलं.

"परीक्षा मले कराची हाय ना जी," शेठ म्हने. "हात न लावता परीक्षा कशी करू? आन हात मी लावत नाई. तुमी असं करा, फूल लावा. फुलाले कोनाची हरकत नाई."

फूल लावा म्हने. पाडवा महिन्यावर, ऊन डोक्यावर, हिरीचं पानी बुडाले, आन बकरी तयारच. मुळा तं आमी घरीच खाल्ला. आठवडाभर खाल्ला. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाई.

 रुख्मिणीनं जुन्या लुगड्याची एक नवी चुंबळ केली, माह्या डोक्यावर ठेवून पाह्यली आन काढून खुटीले अडकवली.

आता खरी गोष्ट. रेशनचे अमेरिकन गहू आमी पाखडत होतो, त्याचा कचरा रुख्मिणी मोरीच्या कडंले फेकत होती. तथी एक झाड आपोआप आलं होतं. पानं गाजराच्या पानावानी कातरेल, वर बारीक बारीक पांढरे फुलं, चांदन्यावानी. मी इतके दिवस त्याले पाहून बी पाहत नोतो. त्या दिवशी पाटावर बसून इचार करत होतो का टोपी घालून वर घागर बसते का नाई, तं बकरी आली. आली, त्या झाडाचा वास घेतला, शिंकली आन मांगल्या पायानं वापस गेली.

म्या उठून पाह्यलं. ज्याले बकरी तोंड लावत नाई, ऊन मारत नाई, पानी लागत नाई, आन वरून फूल येते. देवमन, म्हतलं, ह्याच्या परीस चांगला बगीचा सरकारी स्पर्धेले काय पायजे?

रोपं काढले, वळीनं लावले, भवताल इटा तिरप्या रोवल्या, इटाईले चुना मारला. चुना मारला का आमच्याकडं कोनतीबी गोष्ट सरकारी दिसते. पंधरा दिवसात अंगन पांढरं. माहे हात कोपरापर्यंत खाजत होते, पन म्या म्हतलं, मेहनत केली तं हात खाजनारच.

शेठ आले. चष्मा पुसला, पुन्हा पाह्यलं.

"हे काय हाय जी, देवमनभाऊ?"

हर्रास बोलनाऱ्या मानसाले नाव सुचाले टाइम लागत नाई. "गुल-ए-वाशिंग्टन," मी म्हतलं.

"वाशीमचं?"

"वाशीमचं नाई शेठजी, वाशिंग्टनचं. अमेरिका."

"पन वाशिंग्टनची तं पपई असते."

"हे पपईचंच भावकीतलं. ती फळाले गेली, हे फुलाले आलं."

 एवढा खानदानी खुलासा झाल्यावर मानूस काय इचारीन? मंग शेठ हळूच खाली वाकले, "याले कंद तं नाई ना?"

"नाई जी. वरचं वर."

शेठचं तोंड असं खुललं जसं त्याईच्याच पोराचं लगीन जमलं. जाताना पानाबाईसाठी एक गुच्छा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तं शेठ गजानं पाठ खाजवत कापड मोजत होते. म्या नजर दुसरीकडं केली. अशा टायमाले नजर दुसरीकडं करता आली पायजे.

निकाल लागला. पहिलं बक्षीस देवमन. रुख्मिणीनं खुटीवरची चुंबळ काढून पेटीत ठेवली. पेटीत. फेकली नाई. तिचा नगरपालिकेवर भरवसा माह्यापेक्षा कमी.

बक्षीस द्याचा कारेक्रम माह्याच अंगनासमोर ठेवला. चारपेक्षा जास्त लोक जमनार म्हनून ठान्यातून परवानगी आनावी लागली, आन परवानगीसंगं अमरसिंग जमादार आला. नगराध्यक्ष आले, हार आले, कर्णा लागला, सतरंज्या अर्थात म्याच आनल्या. आन पाहुने म्हनून जिल्ह्याच्या गावाहून शेतीखात्याचे एक साहेब आले. मानूस नवा, पुन्याकडचा, लय शिकेल, लय साधा. अशा मानसापासून लांब राहाव, कारन तो खरं बोलते.

शेठनं भाषनात सांगतलं का गुल-ए-वाशिंग्टन आशिया खंडात पयल्यांदा आपल्या गावात फुललं. आशिया खंड त्याईनं सोताच्या मनानं घातला, म्या फक्त अमेरिकेवर थांबलो होतो. मंग साहेब उठले. फुलाजवळ गेले, एक फांदी तोडली, चुरगाळली, आन त्याईचं तोंड उतरलं. कर्ण्यासमोर येऊन म्हने:

"मित्रहो, मला सांगायला वाईट वाटतं, पण ही अमेरिकन शोभेची वनस्पती वगैरे काही नाही. ही काँग्रेस आहे. फार घातक. एकदा रुजली की दुसऱ्या कशाला वाढू देत नाही. माझी प्रत्येकाला विनंती आहे, दिसेल तिथे काँग्रेस मुळासकट उपटून टाका. आजच, इथूनच सुरुवात करू."

कर्ना चांगला होता. बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

पयले कोनालेच काई समजलं नाई. मंग साऱ्याईले एकदम समजलं. सतरंजीवरचे लोक आपापल्या चपला शोधाले लागले. नगराध्यक्षाच्या गळ्यातला हार खालीवर होऊन राह्यला होता. त्या दिवसाईत लोक याच्यापेक्षा बारक्या बोलन्यावर आत जाऊन बसले होते, आन हे साहेब कर्ण्यावरून तारीख-वार सांगून उपटाले निघाले होते.

अमरसिंग जमादारानं टोपी सरळ केली आन पुढं आला. "साहेब, काय उपटाचं म्हनले?"

"काँग्रेस," साहेब म्हने, आन तवा कुठं त्याईले सोताचा आवाज ऐकू आला. "म्हणजे गवत. गवताचं नाव आहे हो ते. लोक म्हणतात तसं."

"कोनते लोक?" अमरसिंग म्हने. "नावं सांगा."

साहेबानं शेठकडं पाह्यलं. शेठ पाठ खाजवत होते. नगराध्यक्षाकडं पाह्यलं, ते आभाळाकडं पाहत होते. मी रुख्मिणीकडं पाह्यलं. ती दारात उभी होती, आन तिचा एक हात पेटीकडं चालला होता. गवत ठरलं का बक्षीस गेलं, बक्षीस गेलं का नळ गेला. साहेब पुन्हा काई खरं बोलाच्या आत मी उठलो आन कर्ना धरला.

"मंडळी," मी म्हतलं, "साहेबाईनं आताच एका दुसऱ्या गवताची गोष्ट सांगतली. ते गवत आपल्या गावात नाई आन कधी येनार बी नाई. आपल्या समोर हाय ते गुल-ए-वाशिंग्टन. मी साहेबाईले हात जोडून इचारतो, साहेब, हे दोनी एक हाय का?"

साहेबाच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. अमरसिंगनं खिशातून पेन काढला.

"नाही," साहेब म्हने. "वेगळे आहेत."

"मंग हे गुल-ए-वाशिंग्टनच ना?"

"तेच वाटतं."

"वाटते का हाय?"

"आहे."

"उपटाचं का मंग?"

"छे, छे. जपायचं," साहेब म्हने. "मुळासकट जपायचं."

म्या आयुष्यात कितीक हर्रास बोललो, पन दोन बोल्यात एवढा चढलेला माल पाह्यला नाई.

टाळ्या वाजल्या. भेवाच्या टाळ्या लय मोठ्या वाजतात. मंग नगराध्यक्ष उठले. त्याईले वाटलं, आपन इतका टाइम आभाळाकडं पाह्यलं ते कोनी वर सांगतलं तं? म्हनून ते जोरात बोलले. नळ आजच देतो. गावात हे फूल जो उपटीन त्याच्यावर कारवाई. आन हे फूल गावाची शान हाय, तं नळाचं पानी फक्त या फुलाले. घरात गिलासभर बी नेलं तं नळ कापला जाईन. देखरेखीले जमादार बसतीन.

मी रुख्मिणीकडं पाह्यलं नाई. काई गोष्टी न पाहता बी समजतात.

नळ आला. बराबर फुलाच्या मधात बसवला. सकाळी पानी सुटे, तं पांढऱ्या धारेनं त्या गवताले न्हाऊ घाले, आन गवत असं वाढलं का माह्या छातीले लागलं. अमरसिंग इस्टूल टाकून बाजूले बसला. मले वाटलं होतं, नळ आला का आपला पाट वापस मोरीत जाईन. पन कायद्यानं पानी फुलावरच पडाले पायजे होतं, म्हनून आंघोळ अंगनातच, फक्त आता झेंडूऐवजी खाजेत. केशरबाई कुडावर होतीच.

"देवमनभाऊ, अंग लाल दिसून राह्यलं तुमचं."

"झाडाकडं पाहा केशरबाई."

"झाड दिसतच नाई आता, तुमी बी थोडेच दिसता."

असे दोन दिवस रुख्मिणी नळासमोरून घागर घेऊन हिरीवर गेली आन नळासमोरून वापस आली.  पेटी उघडी ठेवली होती, एवढंच. तिसऱ्या सकाळी ती अंगनात आली, घागर सरळ नळाखाली लावली आन भरली. अमरसिंग इस्टुलावरून उठला.

"वैनी, पानी कुठं चाललं?"

"घरात."

"पानी फक्त फुलाले हाय."

रुख्मिणीनं घागर खाली ठेवली. हात लांबवून गवताची एक डहाळी तोडली आन घागरीच्या तोंडात खोचली, कळसात आंब्याचे पानं ठेवतात तशी.

"हे काय हाय?" तिनं इचारलं.

"फूल," अमरसिंग म्हने.

"गवत तं नाई ना?"

अमरसिंगनं आजूबाजूले पाह्यलं. "कोन म्हनते गवत?"

"मंग फूल पान्यात हाय का नाई? मी फुलाले पानी देऊन राह्यली. फूल घरात ठेवाचं का अंगनात, हे नगराध्यक्षानं सांगतलं का?"

जमादारानं लय इचार केला. फूल म्हतलं तं पानी जाते. गवत म्हतलं तं कोनतं गवत हे बोलावं लागते, आन ते नाव त्यानंच गावाले तोंडातून काढू देलं नोतं. तो इस्टुलावर बसला आन म्हने, "फूल नीट ठेवा, पडू देऊ नका."

त्या दिवशी माह्या बायकोनं आपल्या घरची घागर भरली, आन घरात येऊन फडक्यानं पानी गाळताना मले म्हने, "हर्रास असा बोलावा लागते." मी खाजवत होतो. 

दुसऱ्या सकाळी केशरबाई घागर घेऊन आली, डहाळी खोचून. तिच्या मांगं पुरी गल्ली. सुगनचंद शेठच्या घरी सोताची हीर हाय, तरी पानाबाई तांब्याचा हंडा घेऊन आल्या, कारन अध्यक्षाच्या घरी फूल नाई असं कोनी म्हनू नये. हिरीकडचा रस्ता सुना पडला आन माह्या दारातून डोक्यावर पांढरे फुलं नाचवत बायाईची रांग चालली, जशी कुठं देवीची मिरवनूक निघावी. ज्या ज्या अंगनात डहाळी फेकली, तथी तथी गुल-ए-वाशिंग्टन उगवलं. सारं गाव खाजवू लागलं. पन उपटे कोन, आन उपटून काय उपटलं म्हनून सांगीन कोन?

अमरसिंग रोज इस्टुलावर बसून प्रत्येक घागरीचं फूल तपासे. एक दिवस रांगेत त्याची सोताची बायको उभी राह्यली, दोन घागरी, आन फूल एकाबी घागरीत नाई. तिच्या मांगं साऱ्या बायाईनं घागरी खाली ठेवल्या. जमादार काय करते, पाहू.

"फूल कुठं हाय?" अमरसिंगनं बायकोले इचारलं.

"मले खाज येते त्याची," ती म्हने. "तुमी लावा."

अमरसिंग उठला. टोपी काढून बगलेत घेतली, गवतात शिरला, दोन चांगल्या फुलाच्या डहाळ्या तोडल्या, बायकोच्या दोनी घागरीत नीट सरळ खोचल्या, एक जराशी कलली होती ती पुन्हा सरळ केली, आन मंग इस्टुलावर बसून, आमच्याकडं पाठ करून, दोनी हातानं मान खाजवू लागला.